दोन किलोचं बाळ

शशिकलाताईंनी मांजरीला जुन्या टॉवेलात गुंडाळून मान तेवढी बाहेर ठेवली आणि ओठाच्या कोपऱ्यातून ड्रॉपर आत सरकवला. साळूने मागचे पाय धरले होते. मांजरीने दोनदा मान झटकली, मग औषध गिळलं.

"दोन किलोचं बाळ समजायचं," ताई म्हणाल्या. "तेवढंच तापाचं औषध, सहा-सहा तासांनी."

साळूने मान डोलावली. ती सेक्टरच्या बाजारात मासळी विकायची. मांजर तशी कुणाचीच नव्हती, पण पिवळसर रंगामुळे साळूने तिला मांदेली या मासळीचंच नाव दिलं होतं आणि सकाळची पहिली मांदेली तिच्यासाठी बाजूला पडायची. परवा कुत्र्याने मांडीला धरलं, जखम पिकली, अंग तापलं. रिकाम्या टोपलीत घालून साळू तिला सरळ ताईंकडे घेऊन आली होती.

ताई अठ्ठावीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होत्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर नवीन पनवेलला तळमजल्याचं घर घेतलं आणि मागच्या पायरीवर एक लंगडं मांजर येऊन बसलं, तिथून हे सुरू झालं. मांजराचाही डॉक्टर असतो, हे त्या काळात कुणाच्या गावी नव्हतं. पनवेलला होता तो गुरांचा दवाखाना. तेव्हा बोरिक पावडर, उकळून घेतलेली कात्री आणि वॉर्डातली सवय, एवढ्यावर ताईंचं चालायचं. शेजारचे ओपीडी किती वाजता उघडते म्हणून चिडवायचे, आणि ताई वेळ सांगायच्या.

एक गोष्ट मात्र त्यांना कायम खात राहिली. जखम घेऊन आलेलं मांजर बरं होऊन पळायचं, ताप घेऊन आलेलं टिकायचं नाही. मागच्या तगरीखाली अशी नऊ पुरली होती. प्रत्येकाला त्यांनी घड्याळ लावून औषध पाजलं होतं आणि प्रत्येकासाठी त्या रडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांदेलीचं तोंड सुजलं होतं. हिरड्या मातकट झाल्या होत्या आणि पोट भात्यासारखं हलत होतं. ताईंनी हे नऊ वेळा पाहिलं होतं. दहाव्यांदा पाहवेना. त्यांनी टोपली उचलली, रिक्षा केली आणि जुन्या पनवेलचा गुरांचा दवाखाना गाठला.

तिथे नव्याने आलेले डॉक्टर एका म्हशीपासून उठून हात धुऊन आले. त्यांनी मांजरीचा ओठ वर करून पाहिला आणि तापावर काही दिलंत का, असं विचारलं. ताईंनी औषधाचं नाव, मात्रा, वेळा सगळं चोख सांगितलं. वॉर्डात राउंडच्या वेळी सांगायच्या, तसं.

डॉक्टरांनी मांजरीचा ओठ हळूच खाली सोडला.

"बाई, माणसाच्या बाळाला हे चालतं," मग ते हळू आवाजात म्हणाले. "मांजराला पचत नाही. विष होतं."

त्यांनी वाचवायला म्हणून एक इंजेक्शन दिलं, पण उशीर झाला होता. दहा मिनिटांत मांदेली टोपलीतच गेली. ताई बाकावर बसून राहिल्या. तगरीखालची नऊच्या नऊ त्यांना आठवत होती, कुणाला किती थेंब दिले तेही.

बाजारात साळूने टोपली पाहिली आणि काय झालं ते तिला समजलं. मासे कापायच्या कोयतीवर हात तसाच ठेवून म्हणाली, तुमी केलं तेवडं कुनी केलं नसतं. ताईंना गप्प राहता आलं असतं. तापाने गेली, एवढं म्हटलं असतं तरी साळूने मानलं असतं.

"तापाने नाही गेली," ताई म्हणाल्या. "माझ्या औषधाने गेली. आधीचीही."

साळूने त्यांच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून ती समोरचा बांगडा साफ करू लागली. ताई बराच वेळ उभ्या होत्या, पण तिने पुन्हा वर पाहिलं नाही.

त्या दिवसापासून ओपीडी बंद झाली. ड्रॉपर, कात्री, बाटल्या ताईंनी खोक्यात भरून माळ्यावर टाकल्या. लंगडं मांजर पायरीवर आलं तरी त्या दार उघडत नव्हत्या.

आठवड्याने दाराची कडी वाजली. साळू होती. डोक्यावर मासळीची भरलेली टोपली आणि पदरात हाडं वर आलेलं मांजराचं एक पिल्लू.

ताईंनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"डॉक्टरांकडे ने, साळू. मी हात लावणार नाही."

"नेलाता. ते बोलले, नाय जगायचा."

"मग माझ्याकडे कशाला?"

"मी काय इसरली नाय, बाई," साळू म्हणाली. "मांदेली रोज आठवते. पन बाजारात ह्याला लोक लाथेनं सारतात. औषद नका देव. नुस्ता मांडीवर घ्या."

पिल्लू तापाने फणफणलं होतं. ताईंची नजर सवयीने माळ्याकडे गेली. साळूनेही तिकडे पाहिलं. ताई मग पायरीवर बसल्या, त्यांनी पदर पसरला आणि पिल्लू मांडीवर घेतलं. त्याला मान धरवत नव्हती, म्हणून मानेखाली तळहात दिला, बाळाला देतात तसा.

साळूने टोपली खाली उतरवली आणि ती शेजारी बसली. बाजाराची वेळ झाली होती, पण ती उठली नाही.