बेलाने काढलेली नजर

मुंबईला असताना मी फोर्टमध्ये एका सॉलिसिटरच्या ऑफिसात टायपिस्ट होते. नोकरीच्या अर्जाला तेव्हा बायोडेटा जोडत. वडिलांचं नाव, धर्म, उंची, आणि सगळ्यात खाली दोन प्रतिष्ठित गृहस्थांची नावं. ती नावं शोभेची असत. त्या गृहस्थांना विचारायला कोणी जात नसे. दुपारी खिडकीतून समुद्राचा खारट वारा यायचा, रिबनची शाई बोटांना लागायची, आणि अशा कितीतरी लोकांची आयुष्यं मी एकेका पानात बसवून दिली.

इस्रायलमध्ये रामल्याला येऊन मी म्हातारी झाले, तरी बायोडेटा म्हटलं की मला तेच पान दिसायचं. म्हणून सन दोन हजारच्या वसंतात माझी भाची डेबोरा हिच्या घरी जेवणाच्या टेबलावर मेयतालने स्वतःचा रेझ्युमे मांडला, तेव्हा मी चष्मा पुसून दोनदा पाहिला.

मेयताल डेबोराची एकुलती एक मुलगी. सैन्यातली कारकुनी संपवून ती आमच्या वस्तीतल्या दवाखान्यात, कुपात-होलीममध्ये लागली होती. संध्याकाळी कॉम्प्युटरचा कोर्स करायची. पूर्वी तिथे पहाटेपासून म्हातारे दारात भांडायचे, माझा नंबर आधी, तुझा मागून. मेयतालने एका जुन्या कॉम्प्युटरवर स्वतः प्रोग्रॅम लिहिला. आजार बघून, वय बघून तो ज्याला त्याला वेळ द्यायचा. भांडणं बंद झाली. ही तिची एवढीच कमाई, आणि तेवढ्यावर तिला तेल अविवच्या एका कंपनीत जायचं होतं. त्या वर्षी हायटेकवाले माणसं अक्षरशः शोधत फिरत होते. "आत्ता नाही लागले तर कधीच नाही," असं ती मला म्हणाली होती.

पान एकच होतं. वर तिचं नाव ठळक, डाव्या कडेला निळसर हिरवी बारीक पट्टी, बाकी सगळं पांढरं आणि मोकळं. मधोमध एका चौकटीत दवाखान्याचा प्रोग्रॅम, आधी काय होतं आणि नंतर काय झालं. नजर आपोआप तिथेच जायची.

"एवढी जागा रिकामी कशाला?" डेबोरा म्हणाली. "फोटो लाव. परवाच्या लग्नातला, मेंदीच्या दिवशीचा लाव, त्यात गोरी दिसतेस."

"इम्मा, मला नवरा नको आहे, नोकरी हवी आहे," मेयतालने आईला हिब्रूत उत्तर दिलं.

"बरं, मग थोडा सोनेरी रंग तरी घाल. लग्नाच्या पत्रिकेला असतो तसा."

"आत्याआजी, हिला सांग ना!" मेयताल म्हणाली.

मी म्हटलं, "डेबोरा, पट्टी छान आहे. आणखी काही घातलंस तर मिठाईचं खोकं होईल."

मेयताल हसली. माझी ही आठवण मी जपून ठेवली आहे, कारण तशी ती पुन्हा हसली नाही.

खाली दोन नावं हवी होती. एक तिचे कोर्सचे मास्तर अमनोन. दुसरं कोणाचं?

"बेलाचं घाल," डेबोरा म्हणाली. "आपली बाई आहे. दवाखान्याची सगळी सूत्रं तिच्या हातात."

बेला खरोखरच आपली होती. अलिबागकडची, आमच्याच मराठी ज्यूंच्या सिनेगॉगमधली, विधवा. दवाखान्याची मुख्य सेक्रेटरी. डॉक्टर बदलत, बेला बदलत नसे. तिने आनंदाने होकार दिला आणि मेयतालचा गालसुद्धा ओढला.

मुलाखत चांगली झाली. कंपनीतल्या बाईने पान हातात धरून विचारलं, हे तू स्वतः डिझाइन केलंस? आता फक्त खाली नावं दिलेल्या दोघांना फोन करू, म्हणाली. डेबोराने लगेच आमच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नाबीला, मलिद्याचा नवस बोलला.

तो फोन आला तेव्हा मी दवाखान्यात बाकावर होते, ब्लडप्रेशर तपासायला. मेयताल आत डॉक्टरांच्या खोलीत प्रिंटर दुरुस्त करत होती. बेलाने फोन उचलला. हिब्रूत बोलत होती, पण मोठ्याने. बेलाला हळू बोलता येत नसे.

"मेयताल? हो, आमचीच पोर. चांगली आहे, मनाने चांगली. हुशार? कसली हुशार, बटणं दाबते... प्रोग्रॅम? तो काय, कोणीही केला असता. मी सांगत गेले, ती करत गेली... वेळेवर? येते. कधीकधी उशीर होतो, झोपाळू आहे. लहान आहे हो अजून."

मराठी वाचकाला मी हे समजावून सांगायला नको. आपल्यात पोर पहिली आली तरी आई म्हणते, पेपर सोपे होते. कोणी बाळाला गोंडस म्हटलं तर आजी म्हणते, कसलं गोंडस, माकड आहे नुसतं. परक्याच्या तोंडापुढे आपलं माणूस खाली पाडायचं, म्हणजे नजर लागत नाही. मुंबईत ऐकणाराही हे ओळखून असायचा. तो हसायचा आणि उलटा अर्थ घ्यायचा. तेल अविवच्या बाईने मात्र जे ऐकलं ते लिहून घेतलं.

बेलाने फोन ठेवला तशी मी उठले. "बेला, काय बोललीस हे?"

"नजर काढली पोरीची."

"ती बाई अश्केनाझी, युरोपकडची आहे. तिला काय कळणार तुझी नजर?"

बेलाने माझ्याकडे पाहिलं आणि कागद सारखे करायला लागली. "आणि ही गेल्यावर हे यंत्र कोण चालवणार, रोझ? तू?"

मग ती हसली. त्या हसण्यात लपवाछपवी नव्हती. तिला दोन्ही गोष्टी एकदम साधल्या होत्या, आणि त्यातली एक तर पुण्याईची होती.

मी तिथेच मेयतालला हाक मारली आणि बेलासमोर सगळं सांगितलं. शाईने काळे झालेले हात तसेच ठेवून तिने ऐकलं. मग बेलाच्याच टेबलावरून तिने कंपनीला फोन लावला. बाई सभ्यपणे बोलली. तुझं पान फार सुंदर होतं, म्हणाली, पण मधल्या चौकटीतलं काम तुझं नाही असं कळलं. अशा गोष्टी आम्ही गंभीरपणे घेतो.

"माझंच आहे," मेयताल म्हणाली. "ती बाई असं का बोलली ते मी समजावते."

पण कसं समजावणार? ती दोन वाक्यं बोलली आणि थांबली. हिब्रूत ते सगळं बहाण्यासारखं वाटत होतं. अमनोननेही दुसऱ्या दिवशी रदबदली केली, उपयोग झाला नाही. कंपनीने दुसरी मुलगी घेतली होती.

घरी डेबोराने मेयतालवरून मीठ-मिरच्या ओवाळून गॅसवर टाकल्या. "बेलाने वाईट मनाने नाही केलं गं. मला विचारलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं."

"माहीत आहे, इम्मा," मेयताल म्हणाली.

तिने ते पान आणखी कंपन्यांना पाठवलं. चौकट काढून टाकली, कारण चौकट असली की फोन बेलाला जाणार. चौकट गेल्यावर पानावर निळसर हिरवी पट्टी आणि सैन्यातली कारकुनी एवढंच उरलं. वर्ष संपता संपता त्याच कंपन्या माणसं काढायला लागल्या, आणि मग पान पाठवायचंही कारण राहिलं नाही. मेयताल रोज सकाळी दवाखान्यात जाऊन कॉम्प्युटर सुरू करायची. कोणी म्हाताऱ्याने तिचं कौतुक केलं तर बेला शेजारून म्हणायची, "कसली हुशार!" मेयताल मान वर करत नसे.

पुढच्या वर्षी बेलाची साठी आली. तिला घरी बसायचं नव्हतं. घरात होतं कोण? आणखी काही वर्षं राहू द्यावं, असा अर्ज तिने वरच्या ऑफिसकडे केला होता. एके दिवशी तिच्याबद्दल विचारायला तिथला फोन आला. बेला आत चहा करत होती. मी बाकावर होते. मी नेहमीच बाकावर असते.

मेयतालने फोन उचलला. "बेला? हो, आमचीच बाई," ती हिब्रूत म्हणाली. आवाज अगदी गोड. "मनाने फार चांगली. नवी सिस्टिम? ती कुठली शिकणार, बटण दाबायलाही मला बोलावते... विसरते थोडं. वय झालं हो आता."

बेला दोन पेले घेऊन दारात उभी होती.

"मेयताल," ती म्हणाली, "पोरी, हे काय बोललीस?"

आमची मेयताल मराठीला कायम हिब्रूत उत्तर देते. त्या दिवशी तिने मराठीत दिलं. "नजर लागेल ना, मावशी."

अर्ज नामंजूर झाला. खुर्ची मेयतालला मिळाली. मिळाली म्हणजे गळ्यात पडली. वरच्या ऑफिसने स्पष्ट सांगितलं, तिथे सगळं जाणणारी तू एकटीच, तुला कुठे सोडता येणार नाही. डेबोराने नवसाचा मलिदा तेव्हा केला. पोहे, गूळ, खोबरं, सगळं जिथल्या तिथे. बेलालाही ताट पाठवलं. रिकामं ताट आजवर परत आलं नाही.

आता बेलाची साखर वाढली आहे. ती दवाखान्यात येते, माझ्याशेजारी बसते, आणि मेयताल एकेक नाव पुकारते. बेलाचं नाव शेवटी येतं, नेहमी. एकदा बेला चिडली, तर मेयताल पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "प्रोग्रॅम देतो तशी वेळ देते. मी काय, नुसती बटणं दाबते."

बाक रिकामा होत जातो. मी माझी गोळ्यांची चिठ्ठी घेऊन निघते. दारातून वळून बघितलं की दोघीच उरलेल्या असतात, एक बाकावर, एक खुर्चीत. बेलाचं नाव पुकारल्याशिवाय मेयताललाही घरी जाता येत नाही. तरी ती पुकारत नाही.