हॉटेलच्या दारातला जनरल

मी एक जुना कोट आहे आणि हुद्द्याने जनरल आहे. एकही लढाई न करता मी थेट या पदावर शिवला गेलो. सदर भागातल्या एका हॉटेलच्या मालकांनी, कृष्णकांतशेठांनी, इतवारीतल्या शिंप्याला वर्तमानपत्रातला एका जनरलचा फोटो दाखवला आणि म्हणाले, "अस्साच पाहिजे." शिंपी प्रामाणिक निघाला. खांद्यावरची तलवार, दंडा, तारा ही चिन्हं त्याने हुबेहूब बसवली.

मित्रांनो, सैन्यात जनरल म्हणजे इतका मोठा माणूस, की त्याच्यासाठी दुसरे दार उघडतात. आमच्याकडे जनरलच दार उघडतो. तिथे त्याला सगळे सलाम करतात, इथे तो सगळ्यांना करतो, फुगा घेऊन आलेल्या पोरालाही. मे महिन्यातही माझी बटणं गळ्यापर्यंत लावलेली असत. उकडायचं ते आतल्या चंपतराव दरवानांना. वय छप्पन्न. दुसरी नोकरी कोणी देणार नाही, हे ओळखून त्यांनी चौदा वर्षांत एका दिवसाचाही नागा केला नाही.

गेल्या डिसेंबरात सैन्यातले निवृत्त हवालदार दादाजी नातीच्या साखरपुड्याला आले. माझे खांदे दिसताच त्यांच्या टाचा जुळल्या आणि कडक सलाम बसला.

चंपतराव घाबरले. "अजी बाबाजी, मले काहून सलाम करून राहिले? मी दरवान आहो!"

"मंग खांद्यावर हे काय लावलं गा? याच्यासाठी जिंदगी घालवा लागते."

"मले तं शेठनं घालाले देल्ला."

"जनरलसाहेब, माझी गाडी लावता का?" एक पाहुणा ओरडला. सगळे हसले. कोणीतरी व्हिडिओ काढला.

सकाळी तो व्हिडिओ शेठांपर्यंत पोचला आणि त्यांना कळलं, की सैन्याची अशी चिन्हं लावणं गुन्हा आहे. त्यांनी चौकशी केली आणि दोषी लगेच सापडला: कोट घालणारा.

"तुमाले समजाले नको, चंपतराव? सैन्याचा अपमान केला तुमी!"

चंपतरावांनी सवयीने शेठांनाही सलाम केला. मला नीट हँगरला लावलं आणि साध्या शर्टात निघून गेले. माझी चिन्हं उसवली गेली. कापड चांगलं होतं, म्हणून मला नोकरीत ठेवलं.

दोन दिवसांनी दादाजी एकटेच आले. "माह्यामुळं त्यायची नोकरी गेली म्हणते. कुठं राह्यते ते?"

मॅनेजरने काउंटरवर विचारलं, काउंटरने स्वयंपाकघरात. हुडकेश्वरकडे कुठेतरी, एवढंच कळलं. चौदा वर्षं ज्याचे सलाम घेतले, त्याचा पत्ता कोणाकडेच नव्हता.

मित्रांनो, कोटाची काळजी घ्यायला धोबी पुरतो. कोटातल्या माणसाला, तो आहे तोवर, कुठे राहतो एवढं तरी विचारून ठेवा.