पहिला दाणा

चाकणच्या कंपन्यांमागं, जिथं कामगारांच्या बसगाड्या वळतात, तिथलं यशवंतरावांचं दोन एकर रान सरूबाईच्या नावावर झालं. म्हातारा मागल्या साली वारला. पोरांनी रान सरकारी योजनेला विकलं. योजनेनं ते भूमिहीनांना वाटलं, थोडा भार बँकेच्या कर्जावर टाकून. ज्या रानात तीस वर्षं रोजानं राबली, त्याच्याच सातबाऱ्यावर सरूबाई चढली. अट एकच, स्वतः कसायचं. गुरुवारी बँकेचे शेखरसाहेब बघायला येणार होते. रान पडीक दिसलं तर ते दुसऱ्याला जाणार होतं.

सोमवारी ती हरभरा टोकायला गेली. सोबतीला सुमनताई, तिच्याच बरोबरीनं तिथं राबलेली. आणि नात पिंकी, कंपनीत तिची दुसरी शिफ्ट असल्यानं दुपारपर्यंत मोकळी. दोघी म्हाताऱ्या ओटीत बी घेऊन बांधावर बसल्या. बसल्याच. उन्हं चढली.

"आज्जी, आपण कुणाची वाट बघतोय?"

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि ओशाळल्या. या रानात पहिला दाणा मालक टाकायचा. चिंचेखालून उठायचा, दोनदा खाकरायचा, कोपऱ्यात दाणा सोडायचा. मगच बायांनी वाकायचं. मालक मेला हे डोक्याला ठाऊक होतं, कंबरेला कुणी कळवलं नव्हतं.

मंगळवारी सरूबाईनं मन घट्ट करून खुरपं रोवलं. तोच चिंचेखाली कुणीतरी खाकरलं. थांबून पुन्हा एकदा.

सुमनताईनं ओटीतलं बी पोत्यात ओतलं आणि मागं न बघता वाट धरली.

"वारं असंल," सरूबाई म्हणाली.

पिंपरीत वाढलेल्या पिंकीनं मालकाला कधी पाहिलं नव्हतं. ती चिंचेकडं एकटक बघत होती. "वारा घसा साफ करतो का गं, आज्जी?"

बुधवारी सकाळी सरूबाई एकटीच गेली. खाकरणं ऐकू आलं. दाणा पडायची वाट बघत ती उभी राहिली. पडणार कसा? बी हिच्या ओटीत.

मग ती चिंचेखाली गेली. तिथली सावली बाकी सावल्यांहून गार होती. धुळीत वहाणांचे दोन ठसे होते, नवे.

"मालक," ती म्हणाली, "तुमच्या पोरांनी सही केली. मीबी केली, अंगठा न्हाई. उद्या साहेब येणार हाय. तुमचं झालं आता. बसा."

ती कोपऱ्यापर्यंत गेली. त्याच्या जागी उभी राहून ती दोनदा खाकरली आणि दाणा सोडला. मागून काही आवाज आला नाही. मग ती वस्तीवर गेली आणि सुमनताईसकट सहा बाया घेऊन आली.

गुरुवारी साहेब आले तेव्हा पाऊण रान टोकून झालं होतं. त्यांनी कागदावर खूण केली, फोटोसाठी मोबाइल वर धरला.

"चिंचेखालच्या आजोबांना पण बोलवा की."

बायांचे हात थांबले. सरूबाईनं मान वळवली नाही.

"ऱ्हाऊ द्या, साहेब. हितलं जुनं माणूस हाय. मी सांगितल्याबिगर उठायचं न्हाई."

दुपारी जेवणाची फडकी सोडल्यावर तिनं चतकोर भाकर चिंचेच्या मुळाशी ठेवली. जित्यापणी त्यानं तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

संध्याकाळी भाकर तिथं नव्हती.

"कावळ्यानं नेली असंल," सुमनताई म्हणाली.

"व्हय," सरूबाई म्हणाली, आणि उद्याला एक भाकर जास्त थापायची असं तिनं मनाशी धरलं.