लांबचं भिंग

"आईला जवळचं दिसलं की पुष्कळ झालं. वाचन, स्वयंपाक, विणकाम," विनयने डॉक्टरीणबाईंना जर्मनमध्ये सांगूनही टाकलं.

कुसुमताई शेजारच्याच खुर्चीत होत्या. मोतीबिंदू त्यांचा, डोळा त्यांचा आणि उत्तरं चिरंजिवांची! जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये त्यांचा जन्म गेला होता. विनय पाळण्यात होता तेव्हापासून त्या जर्मन बोलत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. बुबुळ सगळीकडून सारखं गोल नाही; साधं भिंग बसवलं तर मोतीबिंदू जाईल, पण दिव्यांना फुटणारी शेपटं तशीच राहतील. टोरिक भिंग तो बाकही सावरून घेईल. मात्र लांबचं की जवळचं, एकच निवडायचं. उरलेल्या कामासाठी चष्मा.

"लांबचं," कुसुमताई जर्मनमध्ये म्हणाल्या. "मला सायकल चालवायची आहे."

विनय मराठीवर आला. "आई, या वयात? परवाच आपटलीस ना फुटपाथला?"

"दिसत नव्हतं म्हणून आपटले. त्यासाठीच आलोय ना इथे?"

"मी आहे ना. कुठे जायचं ते सांग, गाडीने सोडेन."

"सोडशील रे. तुला सवड असली तर!"

त्यांना संताप आला होता आणि भीतीही वाटत होती. सायकल गेली की उरलेलं आयुष्य दुसऱ्याच्या सवडीने काढायचं. नवरा गेल्यावर त्या घरात कुढत बसल्या नव्हत्या. पोहायला, बाजारात, मैत्रिणीकडे, कुंदाकडे गप्पा छाटायला सायकलवरूनच गेल्या होत्या. त्यांनी कागद ओढून सही ठोकली. विनयचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी येताच कुसुमताई बाल्कनीत गेल्या. समोरच्या छपराचं कौलन् कौल सुटं दिसत होतं. त्या लहान मुलीसारख्या हसल्या. मग नजर गल्लीच्या टोकाला गेली. श्पेरम्युलची, म्हणजे मोठं टाकाऊ सामान नेणारी गाडी येणार म्हणून लोकांनी जुनी अडगळ रस्त्यावर काढली होती. त्यात एका फाटक्या गादीला टेकून त्यांची निळी सायकल उभी होती.

कोट चढवून त्या तडक खाली उतरल्या. विनय मागोमाग धावला.

"आई, अगं, तुझ्या भल्यासाठीच..."

"मग मला विचारून का नाही टाकलीस?"

सायकलच्या मागच्या चाकाला कुलूप तसंच होतं.

"इथवर उचलून आणलीस ना? तशीच परत ने."

शेजाऱ्यांच्या देखत विनयने सायकल खांद्यावर घेतली. कुसुमताई त्याच्या मागून सावकाश चालत राहिल्या. किल्ली त्यांच्या कोटाच्या खिशात होती. ती त्यांनी काढली नाही.