गोल भिंतीचा रौप्यमहोत्सव

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे, आणि तीही गोल. सांडोरच्या चित्रसंग्रहालयाला माझ्याशिवाय दुसरी भिंतच नाही. १९६० साली मला बांधणाऱ्या साहेबांनी कागदावर सुरेख वर्तुळ काढलं, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, आणि चित्रांच्या चौकटी सपाट असतात हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही!

तेव्हापासून प्रत्येक चित्र माझ्यावर डुगडुगत लटकलं. मागे पुठ्ठे खुपसा, सुतळी ताणा, खिळे ठोका! माझी पार चाळण झाली. बाहेर मात्र माझा केवढा तोरा! एसटीचा कंडक्टर 'गोलघर, गोलघर' ओरडायचा, लोक माझ्यासमोर उतरायचे आणि केळीच्या वाड्यांकडे चालू लागायचे. आत कुणी फिरकेल तर शपथ.

मग अँजेलिनाबाई आल्या. त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. त्यांनी चौकट आणलीच नाही. रंगाचे डबे आणले आणि थेट माझ्यावर लग्नाची वरात रंगवली. पुढे बँडवाले, मागे वऱ्हाडी, आणि मधोमध लाल लुगड्यातली त्यांची आई, कॅथरिन. ती माउली केव्हाच देवाघरी गेली होती आणि तिचा एकही फोटो घरात नव्हता. वरात माझ्या अंगावरून कशी झोकात वळली! ती बघायला लोक आत येऊ लागले, आणि मला माझ्या गोलाईची लाज वाटेनाशी झाली. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की बाई येऊन आईसमोर उभ्या राहायच्या.

१९८५ साली माझा रौप्यमहोत्सव ठरला. आमच्याकडे सण म्हटला की आधी चुना. घर असो, विहिरीचा कठडा असो, रस्त्यावरचा क्रूस असो, पांढरा केल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. कार्यक्रमाच्या सकाळी बळीराम चुन्याची बादली घेऊन आला. महोत्सव समितीचे कॉन्रॅड मास्तर मंडपवाल्याशी हुज्जत घालत होते.

"मास्तर, चितरावरनं पन हात मारू?"

"अरे, सगळं पांढरं कर! पाहुणे यायचेत!"

मास्तरांनी मान वळवूनही पाहिलं नाही. मला ओरडता आलं असतं तर पार निर्मळ गावापर्यंत ऐकू गेलं असतं! ज्या चित्रामुळे लोक आत यायला लागले, त्यालाच चुना!

दुपारी अँजेलिनाबाई नवी साडी नेसून आल्या. दारातच थांबल्या.

"मास्तर, माझी आई कुठंय?"

"बाई, सणाला... आपण लावतोच ना चुना..."

"आईच्या तोंडावर लावतो?"

बाईंनी पदर खोचला, फडकं भिजवलं आणि मला पुसायला लागल्या. बाहेर माझ्या गौरवाची भाषणं सुरू झाली. आत चुन्यानं बाईंची बोटं सोलवटली. थोड्या वेळानं मास्तरही कोट काढून शेजारी उभे राहिले. कपाळ दिसू लागलं, डोळे दिसू लागले. पण लुगड्याचा लाल रंग चुन्याबरोबर फडक्यावर उतरला, आणि ओठही गेले.

"ओठ पुन्हा काढा की, बाई," मास्तर हळूच म्हणाले.

"कसे होते ते आता आठवत नाही हो. मी इथंच येऊन बघत होते."

मित्रांनो, माझे महोत्सव खुशाल करा, हार घाला, भाषणं ठोका. पण हात जोडून सांगते, आम्हाला नटवण्याआधी आमच्याकडे एकदा नीट बघा.