अंगातून निघाले तसे

त्याने शर्टाची वरची दोन बटणं लावली, कॉलर ताठ केली, शर्ट टेबलावर पालथा टाकला आणि बाह्या पाठीवर दुमडल्या. खालचा घेर वर आणला, एकदा, दोनदा. तळहात फिरवून सुरकुत्या काढल्या आणि शर्ट सुलटा केला. बारा सेकंद. निळा, बेचाळीस नंबर, काचेच्या कपाटात मांडावा तसा. खाली पँट, तीही इस्त्रीच्या रेघेवर रेघ जुळवून.

"झालं का रे शोरूम?" दारातून मुकादम ओरडला. "बाई आल्यात. आण ते बाहेर."

हे हॉस्पिटलचं शवागार होतं आणि मुकादम इथे एकोणीस वर्षं होता. नव्या माणसाचं नाव त्याने पहिल्याच दिवशी ‘शोरूम’ ठेवून टाकलं होतं.

शोरूमने पंचवीस वर्षं तयार कपड्यांच्या दुकानात काढली होती. गिऱ्हाइकाने वीस शर्ट विस्कटून एकही न घेता निघून जावं आणि याने हसत वीस घड्या घालाव्यात. आधी कुणाचा हात लागलाय ते पुढच्याला कळता कामा नये, हा त्या धंद्यातला पहिला धडा. काही खोट असेल तर ती घडीच्या आत, हा दुसरा. दुकान बंद झालं त्या दिवशी त्याच्या निम्म्या वयाच्या मॅनेजरने ‘तुम्ही आमचं कुटुंब आहात’ असं भाषण ठोकलं. कुटुंबाला तीन दिवसांची मुदत होती. मग अकरा महिने मुलाखती. वय एकोणपन्नास म्हटलं की समोरचा पेनाला टोपण लावायचा. शेवटी ही जागा मिळाली, कारण हिच्यासाठी रांगच नव्हती. महिनाभर बघू, म्हणाले होते. तो महिना आज भरत होता. मुकादमाने हो म्हटलं तर पक्का, नाहीतर पुन्हा ती टोपणं.

महिनाभर त्याने फरशा धुतल्या, ट्रॉल्या ढकलल्या आणि आपल्याला काही वाटतंय का याकडे लक्ष ठेवलं. काही वाटत नव्हतं. कपड्यांचं काम मात्र आज पहिल्यांदाच त्याच्या हाती आलं होतं.

मुकादमाची पद्धत ठरलेली होती. ओळख न पटलेल्या माणसाचे आधी कपडे दाखवायचे, मग माणूस. "एकदम चेहरा दाखवला तर माणूस कोसळतो," तो सांगायचा. "कपडे बघून निम्मा कोसळतो. उरलेला निम्मा आत नेता येतो."

आतला माणूस सकाळी बसस्टॉपवर उभ्या उभ्या पडला होता. खिशात फोन नाही, कागद नाही.

बाहेरच्या खोलीत एक बाई पर्स पोटाशी धरून उभी होती. शेजारी तिचा दीर. शोरूमने कपडे दोन्ही हातांवर आणले आणि कॉलर तिच्याकडे येईल असे टेबलावर ठेवले.

बाईने बघितलं. बघता बघता तिचा चेहरा सैल पडला.

"हा नाही," ती म्हणाली. "भावजी, बघा ना, हा कोरा आहे. ह्यांचा शर्ट कुठला एवढा धड असायला? कालचाच अडकवून गेलेत आज. मी ओरडलेसुद्धा."

"नक्की ना, वहिनी?"

"अहो, नवरा माझा की तुमचा?" ती हसली. हसता हसता तिने डोळे पुसले. "उगाच जीव खाल्लात माझा. बसले असतील कुठेतरी गप्पा हाणत. चला."

"घरी येऊ दे, त्याला बघतोच मी," दीर म्हणाला आणि भिंतीला टेकला.

मुकादमाने शर्टाकडे पाहिलं, मग शोरूमकडे. बाई दारापर्यंत पोहोचली होती. या क्षणी गप्प बसलं असतं तर ती निघून गेली असती. कुणाचा आवाज नाही, तक्रार नाही, नोकरीला धक्का नाही.

"बाई, थांबा."

त्याने कॉलर धरून शर्ट झटकला. घडी मोडली. मग दोन्ही मुठींत धरून त्याने तो चोळला, चुरगळला. पंचवीस वर्षांत कुठल्याही कपड्याला त्याने असा हात लावला नव्हता. शर्ट टेबलावर पडला तेव्हा आत दुमडलेला घेर वर आला होता.

"घडी मी घातली होती," तो म्हणाला. "चूक माझी. आता बघा. हात लावून बघा."

शेवटचं वाक्य दुकानातलं होतं. ते तोंडून निघून गेलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

बाई परत आली. तिने आधी कॉलर चाचपली, मग खिसा. मग बटणपट्टीवरून बोटं खाली नेली, एकेका बटणावर थांबत. शेवटच्या बटणापाशी तिचा हात राहिला. ते काळ्या दोऱ्याने लावलेलं होतं.

"निळा दोरा संपला होता," ती शोरूमलाच म्हणाली, दिराला नाही. "मी म्हटलं, पँटीत खोचलं जातंय. कुणाला दिसतंय."

मुकादमाने तिला दंडाला धरून आत नेलं. दीर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शोरूम टेबलापाशीच होता. पँटीवर एक सुटा धागा दिसला, तो त्याने चिमटीत उचलला. कुठे टाकावा कळेना, म्हणून तसाच धरून राहिला.

अर्ध्या तासाने मुकादम मोरीपाशी हात धूत होता.

"पुन्हा घडी घातलीस तर हात मोडीन. गेली असती ना ती. रात्रभर दाराकडे बघत बसली असती."

"हो."

"हो काय? अंगातून निघाले तसे द्यायचे. चुरगळलेले, मळके, कसेही असोत. कळलं?"

"कळलं."

"सोमवारी सातला ये. पक्का."

शोरूमला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "एवढं होऊनसुद्धा?"

"तुझ्या आधीचे दोघे चूक झाल्यावर संडासात जाऊन बसले होते. तू तिला थांबवलंस." मुकादमाने ओले हात पँटीला पुसले. "आणि दुसरं येतंय कोण म्हणा इथे मरायला!"

घरी बायको बहिणीशी फोनवर बोलत होती. "हो अगं, हॉस्पिटलच्याच स्टोअरला," असं म्हणत तिने फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"पक्का."

"मग जरा हसा की. फुकट असतं ते."

"पंचवीस वर्षं हसलो. आता शिल्लक नाही."

"असं? गिऱ्हाइकांनाच वाटून आलात वाटतं सगळं."

त्याने शर्ट काढला आणि खुर्चीवर टाकला. एक बाही उलटी राहिली. बायको क्षणभर वाट बघत थांबली, मग तिनेच शर्ट उचलून नाकाशी नेला.

"शी, केवढा घाम! टाकते धुवायला."

"नको. राहू दे."

"खुर्चीवर?"

"हो."

ती उलटी बाही सरळ करायला लागली.

"तीसुद्धा," तो म्हणाला. "आहे तशी राहू दे."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. शर्ट तसाच खुर्चीवर ठेवला. तो हात धुवून बनियनवरच जेवायला बसला.