आधी विचारून यायचं असतं

माझ्या मुलाच्या, ऋतुराजच्या अमेरिकेतल्या वसाहतीत मी सहा महिने काढले आणि शिक्षा संपवून आल्यासारखा गारखेड्याला परत आलो. टेक्सासमधलं ते गाव म्हणे रोज वाढतं. आम्ही गेलो तेव्हा घरामागं मोकळं रान होतं. निघालो तेव्हा तिथं दोनशे घरं उभी होती, सगळी एकाच रंगाची, एकाच तोंडवळ्याची. माणसं मात्र कुठं वाढलेली दिसली नाहीत. रस्ते एवढे रुंद की विमान उतरावं, पण कोपऱ्यावर चहाची टपरी नाही. दूध संपलं तरी मोटार काढायची. पायी चालणारा मी एकटाच; मला पाहून कुत्रीसुद्धा काचेआडून भुंकायची.

मुलगा घरून काम करतो, म्हणजे घरात असून नसतो. वरच्या खोलीचं दार लावून दिवसभर पडद्याशी बोलतो. सायली, आमची सून, खालच्या खोलीत तेच करते. जेवायला हाक मारली की वरून मेसेज यायचा, "बाबा, मीटिंग आहे." एका छपराखाली राहून बापाला मेसेज!

एका संध्याकाळी शेजारचं गॅरेज सताड उघडं दिसलं. आत म्हातारा सायकल पुसत होता. उघडं दार म्हणजे 'या', एवढं मला कळतं. मी आत गेलो, नमस्कार केला, घडीची खुर्ची ओढून बसलो. त्यानं हसतहसत खिशातून फोन काढला आणि ऋतुराजला लावला. मुलगा धावत आला, त्याची माफी मागितली आणि दंडाला धरून मला घरी नेलं. "बाबा, इथं आधी विचारून यायचं असतं."

हे सगळं मला चांदपाशाला सांगायचं होतं. वाळूजच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं आमची मशिनं शेजारी. बजाजनगरला त्याच्या घरी मी कधी बेल वाजवली नाही. त्याच्या मुलीच्या, लाइबाच्या लग्नाची तारीखही त्यानं मी परतल्यानंतरचीच धरली होती. "सोमनाथ, मंडपाच्या दारात तू माझ्या बाजूला पायजे, पाहुण्यांला या म्हणायला," असं निघताना बजावलं होतं.

आलो आणि वाट पाहत बसलो. मी आल्याची खबर आमच्याच कंपनीतल्या सखारामनं त्याला दिली होती. आमच्याकडं लग्नाचं आवतण घरी येऊन, पत्रिका हातात देऊन करतात. फोनवर सांगितलेलं कुणी मोजत नाही. आठवडा गेला, दोन गेले. बायको म्हणाली, "अहो, तुम्हीच जाऊन या की एकदा."

"मी का जाऊ? लग्न त्याच्या घरी आहे," मी म्हणालो. "मोठे पाहुणे मिळाले असतील. आपल्याला कोण विचारतो?" फोनसुद्धा केला नाही. ताठा माझा, दुसरं काय!

मग एका सोमवारी सखारामनं फोटो टाकले. लाइबा नवरीच्या वेषात, आणि मंडपाच्या दारात चांदपाशा एकटाच उभा. माझं डोकं फिरलं. त्याला चार शब्द सुनावायचेच म्हणून निघालो. सोसायटीच्या फाटकावर आमचा रखवालदार सांडू बसला होता. कुठं निघालात म्हणाला, तर मी रागारागानं चांदपाशाचं नाव घेतलं.

"ते निळ्या स्कूटीवाले चाचा व्हय?" सांडू म्हणाला. "तीन डाव येऊन गेले की, साहेब."

"मग वर का नाही पाठवलंस?"

"तुमच्या फोनवरनंच नकार आला. फोटू काढून पाठवला, तिन्ही डाव 'नाय' आलं. म्या म्हणलं, पत्रिका ठिवून जा. तर म्हणले, नाय, हातात द्यायचीय. तिसऱ्या डावाला लई वेळ उभे व्हते. तुमच्या गॅलरीकडं बघत व्हते. तुम्ही पेपर वाचत बसला व्हता."

सोसायटीचा अध्यक्ष मीच, आणि नियमही माझाच. पाहुणा आला की घरमालकाच्या फोनवर विचारायचं. मालक हो म्हणेपर्यंत फाटक उघडायचं नाही. सांडूनं एकदा कुणाला तसंच आत सोडलं, तेव्हा चारचौघांत मी त्याला झापलं होतं. अमेरिकेत माझा नंबर चालणार नव्हता म्हणून जाताना फाटकासाठी ऋतुराजचा दिला, आणि आल्यावर बदलायचा राहिला.

तिथूनच मुलाला फोन लावला.

"मीटिंगमध्ये असेन, बाबा. फोटो पाहिलाच नाही. कुणीतरी विकणारा असेल म्हणून 'नाही' दाबलं."

लहानपणी ह्याच चांदपाशाच्या खांद्यावर बसून हा कंपनीचे कार्यक्रम पाहायचा. त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण कुठल्या तोंडानं देणार? फोन ठेवून दिला.

बजाजनगरला चांदपाशाचं दार नेहमीसारखं सताड उघडं होतं. मंडपाचे बांबू अजून निघाले नव्हते. इतकी वर्षं "चांद, चहा टाक" असं ओरडत आत शिरणारा मी, चपला काढून उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. तो समोरच पलंगावर बसला होता. त्यानं मला पाहिलं, पण उठला नाही.

"आत येऊ का?" मी विचारलं.

त्यानं उशीजवळचा फोन हातात घेतला.

"ठैरो साब," तो म्हणाला. "पूछके बताता."